बारदाना वजा

नरसिंगला चुकीचं वजन सांगायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आणि आज बीदरच्या विमानतळावर, त्याच्या लेकीच्या वयाची एक पोरगी त्याला तोंडावर सांगत होती की त्याच्या बॅगेचं वजन नऊ किलो आहे.

"सात हाय," नरसिंग म्हणाला.

"नऊ आहे, अप्पाजी. आकडा बघा."

आकडा त्याला दिसत होता. डोळे शाबूत होते त्याचे. पण आकडा बघायला काय, कुणीही बघतं. आकड्यातून काय वजा करायचं हे कळायला अक्कल लागते, आणि ती या काउंटरच्या पलीकडे नाही याबद्दल नरसिंगच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

हा माणूस कोण हे आधी सांगायला हवं, नाहीतर भांडण एका बॅगेचं होतं असं वाटेल.

नरसिंग मूळचा जनवाड्याचा, राहायला बीदरच्या नौबादला. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं तो गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सिद्धलिंगप्पांच्या आडतीवर मापाडी होता. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की दांडीला एक बोट लावून तो डोळे बारीक करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा पुकारायचा. पहिल्या पोत्याला एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. दुसऱ्यापासून दोन, तीन. त्याचा आवाज गंजाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा. कुणी कुरकुर केलीच, तर तो मान न वळवता म्हणायचा, "काटा बोललाय. आता तू गप." आणि माणूस गप व्हायचा. आवाजात असं काही होतं की गप व्हावंच लागायचं.

त्या आवाजाला कारण होतं. त्याचा बाप जनवाड्याच्या पाटलांच्या खळ्यावर दिवसभर राबून संध्याकाळी लांब उभा राहायचा, धोतराचा सोगा पसरून. पाटील वरून पसाभर दाणे टाकायचा. ओंजळभर, हात लागणार नाही असे. बापानं दीक्षा घेतली, घरातले देव मांजरा नदीत सोडले, पण खळ्यावरचं ते लांब उभं राहणं सुटायला आणखी कितीतरी वर्षं गेली. आणि त्याच बापाचा लेक गंजात मापाडी झाला. ज्यांनी दाणे वरून टाकले त्यांच्या पोरांच्या पोत्यांवर हात ठेवून तो आकडा सांगू लागला, आणि ते खाली उभे राहून ऐकू लागले. पाटलाच्या लेकाला, आप्पारावला, तो आधी अहोजाहो करायचा. मापाडी झाल्यावर अरेतुरे करू लागला. आप्पारावनं ते ऐकून घेतलं, विसरला मात्र नाही.

आता कडत्याचं सांगतो, कारण सगळा इस्कोट त्यानंच केला. पोतं तोललं की आधी बारदाना वजा व्हायचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. ते बरोबरच आहे. कोण पोत्याला तुरीचा भाव देईल? पण सिद्धलिंगप्पांच्या आडतीवर त्यानंतर आणखी एक किलो वजा व्हायचा. मालात माती असते, ओल असते, म्हणून. त्याला म्हणायचे कडता. माल धुतल्या तांदळासारखा असला तरी कडता. पोतं नव्वद किलोचं असो की पन्नासचं, पोत्यामागं किलो. तो किलो कुणाच्या घरी जायचा ते सगळ्या गंजाला ठाऊक होतं. नरसिंगच्या घरी जायचा नाही, हे खरं. दाण्याला हात न लावणारा मापाडी म्हणून त्याचा डंका होता. पण "बारदाना वजा, कडता वजा" हे पुकारायचं तोंड त्याचंच होतं. आणि खोटं कशाला सांगा, पाटलांच्या पोत्यावर ते पुकारताना त्याला गोडी वाटायची.

गोडी तिथंच थांबली असती तरी निभावलं असतं. एका वर्षी त्याची सख्खी धाकटी बहीण कलाबाई तुरीची दोन पोती घेऊन आली. नवरा नाही, जमीन दीड एकर, वर्षाचं उत्पन्न तेवढंच. गंज सगळा बघत होता, मापाडी बहिणीला सोडतो का. नरसिंगनं दांडीला बोट लावलं आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच पुकारलं, "बारदाना वजा, कडता वजा." लोकांनी माना डोलावल्या. असा न्यायाचा माणूस नाही म्हणाले.  कलाबाई खाली बसली आणि पोतं उचलताना फरशीवर सांडलेले दाणे एकेक करून पदरात वेचू लागली.

त्याचा मुलगा नागसेन तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि डबा द्यायला आला होता. डबा हातात घेऊन तो आत्याचं वेचणं बघत राहिला. पुढच्या आठवड्यात गंजाच्या फाटकात शेतकरी जमले, कडता बंद करा म्हणून. नागसेन ओट्यावर चढला आणि म्हणाला, "कडता कापनारा चोर असतोय. मग तो माझा बाप का असंना."

बाप पन्नास पावलांवर उभा होता.

त्या दिवशी नरसिंगनं मुलाची पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली. त्याला अकरा वर्षं झाली. नागसेन बंगळूरला नोकरीला लागला, स्नेहल नावाच्या मुलीशी लग्न केलं, घर घेतलं, मुलगी झाली. नरसिंग लग्नाला गेला नाही, नातीचं तोंड बघायला गेला नाही. बायको चांगुणाबाई दोन वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडेच राहिली. जाताना म्हणाली, "तुमचा काटा घिऊन बसा." नरसिंग खरंच घेऊन बसला. तोवर गंजात विजेचे काटे आले होते, आकडा आपोआप दिसू लागला होता, पुकारायला माणूस लागेनासा झाला होता. नौबादच्या दोन खोल्यांत तो स्वतःच्या हातानं जाड भाकरी थापून खायचा आणि भेटेल त्याच्याशी भांडायचा. दूधवाल्याशी मापावरून, किराणावाल्याशी तागडीवरून. गल्लीतली माणसं त्याला बघून दार लोटून घेऊ लागली.

गेल्या महिन्यात चांगुणाबाई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. स्नेहलनं फोन केला, तिकीट काढते म्हणाली. नरसिंग म्हणाला, "दोन दिस येतो. तिसऱ्या दिशी वापस. मला सामान लागत न्हाई." म्हणून तिनं हातातल्या सामानाचंच तिकीट काढलं, जाण्याचं आणि येण्याचं. एक छोटी बॅग, सात किलो, वर काही नाही. हे झाल्यावर चार दिवसांनी चांगुणाबाई स्वतः फोनवर आली. आवाज पार खोल गेला होता.

"हितली भाकर घशाखाली उतरंना. तिला चवच न्हाई. आपल्या जनवाड्याच्या रानातला शाळू आना. पीठ नको, इरी जाते, मंग भाकर थापंना. हितं घरघंटी हाय."

"किती आनू?"

"इमानात सातच किलो चालतंय म्हनं. सात आना."

बस्स. दोन वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू. सात किलो ज्वारी तिच्या ताटापर्यंत पोचवायची, आणि नागसेनच्या दारात पाय ठेवताना मान खाली घालायची नाही, एवढ्या दोन गोष्टींसाठी नरसिंग बंगळूरला निघाला होता. तिसरी गोष्ट नव्हती.

त्यानं तयारी कशी केली ते बघा. रानातली ज्वारी निवडली, पाखडली, दोनदा चाळली. जुन्या सदऱ्यांच्या बाह्या कापून सात थैल्या शिवल्या. एकेक थैलीत बरोबर किलो. मग चांगुणाबाईची माळ्यावरची चाकाची बॅग काढली आणि खुंटीला ताणकाटा टांगून रिकामी बॅग तोलली. दोन किलो. सात थैल्या आत ठेवून पुन्हा तोलली. नऊ किलो. बारदाना वजा, सात. नरसिंगनं समाधानानं मान हलवली. आयुष्यभर ज्यानं बारदाना वजा केल्याशिवाय वजन उच्चारलं नाही, त्याच्या डोक्यात दुसरं काही येणारच कसं? आलं असतं तर तो नरसिंग कसला. बदलायचे कपडे बॅगेत घालायचे नाहीत म्हणून त्यानं दोन सदरे एकावर एक चढवले, दोन धोतरंही नेसायचा प्रयत्न केला, जमेना तेव्हा एकावरच भागवलं.

आणि आता काउंटरमागची पोरगी नऊ म्हणत होती. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव होतं शैलश्री.

"बारदाना वजा कर," नरसिंग म्हणाला.

"काय वजा?"

"बारदाना. बॅग. रिकामी बॅग दोन किलो हाय, मी तोलूनशान आनलोय. नवातून दोन गेले की सात राहतेत. शाळंत गेलीस का न्हाई?"

तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली, पण आवाज चढला नाही. "ओट्टु एळु, अप्पाजी. सगळं मिळून सात. बॅग धरून."

"बॅग मी काय खायाला नेतोय?"

"विमानात बॅग पण जाते ना? नुसती ज्वारी तर जात नाही."

 नरसिंग जास्तच भडकला. त्यानं चाळीस वर्षं सांगितली, गंज सांगितला, कुठल्याही काट्यावर आपण बोट लावून वजन सांगू शकतो हे सांगितलं. मग काट्यावर वाकून तो काटाच वाकडा बसलाय म्हणाला. शैलश्रीनं शांतपणे स्वतःची पाण्याची लिटरची बाटली काट्यावर ठेवून दाखवली. किलोला वीस-पंचवीस ग्रॅम जास्त, बाटलीचे. काटा सरळ होता. मागची रांग चुळबुळू लागली. एक जण म्हणाला, "काका, खिशात भरा की दाणे, खिसे कोण तोलतंय." दोघंतिघं हसली.

"चोरून न्यायची व्हय?" नरसिंग त्याच्यावर खेकसला. "मी कुनाचा दाना चोरलो न्हाई आजपातूर."

शैलश्री म्हणाली, "मग जादा वजनाचे पैसे भरा. नाहीतर दोन किलो इथं ठेवून जा."

पैसे खिशात होते. पण ते भरणं म्हणजे आपलं वजन चुकलं असं कबूल करणं, तेही रांगेसमोर. ते त्याच्यानं होणार नव्हतं. ठेवून जावं, तर सोडायला आलेली रिक्षा केव्हाच निघून गेली होती. दाणे कचऱ्यात जाणार. चांगुणाबाईनं मागितलेले दाणे. नरसिंग बॅगेच्या मुठीला धरून तसाच उभा राहिला. पुढे जाईना, बाजूला होईना.

"नरसिंग, उगं कामून भांडायलास? काटा बोललाय. आता तू गप."

हा आवाज त्याला मागं न बघता कळला. रांगेत तिसरा, जनवाड्याचा आप्पाराव. स्वच्छ धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात रेक्झीनची हलकी बॅग. मुलाकडे निघाला होता. नऊ वर्षांमागं, गारपिटीच्या साली, आप्पारावची भिजून वाळलेली तूर गंजात आली होती तेव्हा कडता दोन किलोवर गेला होता. आप्पाराव काट्यापाशी येऊन म्हणाला होता, "घरचं पोतं असतं तर कापला असतास का?" नरसिंगनं उत्तरादाखल कलाबाईचं नाव घेतलं होतं, छाती पुढं काढून. त्यानंतर दोघं बोलले नव्हते. जनवाड्याच्या बसथांब्यावर एक उभा असला तर दुसरा पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचा.

शैलश्रीला यातलं काय माहीत? तिनं आप्पारावची बॅग तोलली, साडेतीन किलो. म्हणाली, "तुम्ही ओळखीचे आहात ना? मग यांच्या दोन थैल्या तुमच्यात घ्या. विषय संपला."

"वळखीचं?" आप्पाराव म्हणाला. "लई वळखीचं. आन रं, ठिव."

नरसिंगचा हात हलेना. "कामून घ्यायलास?"

"चांगुणाबाईच्या तोंडचा घास हाय म्हनून. तुझ्यासाठी न्हाई."

आता या बोलण्यात वाकडं काय होतं ते नरसिंगला दाखवता येईना, पण वाकडं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विमानाची वेळ झाली होती. त्यानं दोन थैल्या काढून आप्पारावच्या बॅगेत ठेवल्या, गाठी दोनदा तपासल्या. मग स्वतःची बॅग काट्यावर आपटली. सात. शैलश्रीनं बॅगेला चिठ्ठी बांधली आणि म्हणाली, "थँक्यू, अप्पाजी." नरसिंगला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

विमान लहान होतं, पंख्याचं. नरसिंग जन्मात पहिल्यांदा वर उडाला. खाली बीदरचा किल्ला दिसला असेल, मांजरा दिसली असेल, जनवाड्याचं रानही दिसलं असेल. त्यानं काही बघितलं नाही. आप्पाराव दोन ओळी पुढं बसला होता आणि त्याच्या डोक्यावरच्या कप्प्यात नरसिंगच्या दोन थैल्या होत्या. नरसिंगनं सबंध प्रवास त्या कप्प्याच्या झाकणावर नजर लावून काढला. हवाईसुंदरीनं पाणी विचारलं तेव्हा त्यानं तिला नजरेसमोरून सरकायला सांगितलं. आप्पाराव मात्र घोरत होता. घोरणंही त्याला मुद्दाम वाटलं.

बंगळूरला उतरल्यावर बाकीची माणसं सामानाच्या पट्ट्याकडे गेली. यांना काही घ्यायचं नव्हतं. दोघं सरळ बाहेर आले. दाराबाहेर एका खांबापाशी आप्पाराव थांबला, उकिडवा बसला आणि त्यानं बॅग उघडली. दोन थैल्या फरशीवर मांडल्या. नरसिंगनं हात पुढं केला.

"दम," आप्पाराव म्हणाला. त्यानं पहिल्या थैलीची गाठ सोडली, दोन्ही हातांची ओंजळ आत घातली आणि पसाभर ज्वारी काढून टॉवेलवर ओतली.

"काय करायलास?"

"कडता."

दुसरी थैली. दुसरा पसा. नरसिंगनं खाली वाकून त्याचं मनगट धरलं. सत्तरीकडे झुकलेल्या दोन म्हाताऱ्यांची तिथं, विमानतळाच्या दारात, ओढाताण सुरू झाली. माणसं वळून बघू लागली.

"किलोच्या थैलीला पसा? शंभराला एक किलो असतोय कडता. किलोला धा गिराम व्हतंय. हिसाब कळतोय का तुला?"

"मी काटा आनलो न्हाई संगं. पोत्यामागं पसा." आप्पारावनं मनगट सोडवून घेतलं. "तू बी पोत्यामागंच कापायचास. माझं पोतं पन्नासचं हाय का नव्वदचं, इचारलास का कवा?"

"माल साफ हाय. दोनदा चाळलोय मी."

"माझा बी साफ असायचा."

"चोर हायस तू!"

नरसिंगचा तो गंजातला आवाज. कितीतरी वर्षांनी निघाला. टॅक्सीवाले थबकले, एक पोलीस दोन पावलं पुढं आला. आप्पारावनं टॉवेलच्या टोकात दाणे बांधले, गाठ दातानं आवळली आणि उठला. त्याला राग आलेला दिसत नव्हता, आणि नरसिंगला तेच सहन होईना.

"म्हन की," आप्पाराव म्हणाला. "मी बी तीस वर्सं तेच म्हनायलोय. तुला आत्ता ऐकू आलं."

बॅग उचलून तो निघून गेला. टॉवेलचं गाठोडं त्याच्या खांद्यावर पुढंमागं हलत होतं.

नरसिंग खाली बसला. ओढाताणीत ओंजळीतून काही दाणे फरशीवर सांडले होते. तो ते वेचू लागला. आठ-दहा वेचले असतील, आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. फरशीवर बसून असं एकेक दाणा वेचताना त्यानं एका बाईला बघितलं होतं. उभ्यानं बघितलं होतं, काट्याच्या दांडीला बोट लावून.

त्या वेळी त्याला लाज वाटली असं कुणी सांगितलं तर तो आजही त्याच्या अंगावर धावून जाईल. राग आला होता, असं तो म्हणेल. राग होताच. फक्त तो कुणाचा हे त्याला ठरवता येत नव्हतं. आप्पारावचा म्हणावा तर आप्पाराव गेला तरी राग जाईना. उरलेले दाणे त्यानं वेचले, थैलीत टाकले आणि दोन्ही थैल्या हातावर तोलल्या. सवयच ती. दोन्ही मिळून चारशे वीस ग्रॅम गेले होते.

नागसेन न्यायला आला नव्हता. स्नेहलनं गाडी ठरवून पाठवली होती. दीड तास गाडी रेंगाळत चालली. नरसिंगनं ड्रायव्हरशी एका शब्दानंही भांडण केलं नाही. मीटरचा आकडासुद्धा बघितला नाही.

चौथ्या मजल्यावरच्या दाराची बेल त्यानं वाजवली. दार नागसेननं उघडलं. केस कानांपाशी पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. अकरा वर्षं नरसिंगच्या मनात जो पोरगा ओट्यावर उभा होता, तो हा नव्हता. नागसेननं बापाच्या अंगावरचे दोन सदरे बघितले, बॅग बघितली. पाया पडला नाही, या म्हणाला नाही. दार अडवून उभा राहिला.

"किती हाय?" त्यानं विचारलं.

"सहा किलो पाचशे ऐंशी."

आतून पलंगावरून चांगुणाबाईचा आवाज आला. "सात आना म्हनले व्हते की मी."

"सातच व्हती," नरसिंग दारातूनच म्हणाला. "चारशे वीस कडता गेला."

नागसेनचा चेहरा ताठ झाला. बापानं आपल्याला डिवचायलाच तो शब्द काढला असं त्याला वाटलं असावं. "कुनी कापला?"

"जनवाड्याच्या आप्पारावनं."

"मंग तुमी काय म्हनलाव त्याला?"

नरसिंगला काहीही सांगता आलं असतं. हिसका दाखवला म्हणता आलं असतं, भीक घातली म्हणता आलं असतं. येताना मान खाली घालायची नाही असं तो ठरवून आला होता, आणि ती त्यानं घातलीही नाही. मुलाच्या डोळ्यांत बघून, आकडा पुकारावा तसं, पण हळू आवाजात तो म्हणाला,

"चोर म्हनलो."

  नागसेन दारातून बाजूला सरकला. बॅग मात्र त्यानं उचलली नाही, आणि नरसिंगनं ती स्वतःच ओढत आत नेली.